आतून कडी

मनी: आई, तू भिंतीतून आलीस.

आई: कशातून?

मनी: भिंतीतून. ही चुन्याची रेघ म्हणजे भिंत. दार तिकडं आहे, जिथं रेघ तुटलीय तिथं. मागं जा आणि नीट दारातून ये.

आई: एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पिशवी, काखेत चादर. आणि हिला दार हवंय. मोकळा प्लॉट आहे बाई, चारी बाजूंनी उघडा.

आत्या: जा वहिनी, दारातून जा. उद्या सकाळी ह्याच रेघांवर मिस्त्री पाया खणायला घेणार. आत्ताच सवय कर, नाहीतर घर झाल्यावर कपाळाला टाके घालायला मलाच हाक मारशील.

आई: तुम्ही तिथं रस्त्यावर उभं राहून बरे हुकूम सोडताय. आत या की, वन्सं.

आत्या: मला इथून सगळं दिसतंय. हा हॉल, ते स्वयंपाकघर, मागं दोन खोल्या. छान आहे. झालं बघून.

आई: झालं कसं? तुम्हाला राहायचंय ह्या घरात.

आत्या: आपलं बोलणं झालंय ह्यावर. सोमवारी मी बायकांच्या हॉस्टेलचा फॉर्म देणार. पुढच्या महिन्यात रिटायर झाले की ट्रंक उचलून तिकडं. आज आले ते तू सकाळपासून मागं लागलीस म्हणून.

आई: फॉर्म बरोबर आहे का?

आत्या: पर्समध्ये आहे. का?

आई: काही नाही. वारा आहे, उडेल म्हणून विचारलं.

आत्या: चेनच्या कप्प्यात आहे. काळजी करू नकोस.

मनी: तुम्ही दोघी भांडा, मी तोवर सामान लावते. आई, तुझं गुंडाळं दे इकडं. हे काय गं, पलंग आणि कपाट एकातच गुंडाळलंस?

आई: आतल्या बाजूला कपाट आहे, बाहेर पलंग. नीट उलगड, फाटेल. दोन दिवस वर्तमानपत्रं चिकटवत होते. पोरांच्या युनिफॉर्मचा कागद बेतते तसं एकेक सामान बेतलंय, डबल पलंग, सिंगल पलंग, दोन कपाटं. ज्या मापानं तुला आकडे दिले त्याच मापानं. म्हटलं, ह्या ऑफिसवाल्यांचा काही भरवसा नाही, ऑफिसात बसून काढतात प्लॅन आणि मग कपाट बसत नाही दारामागं.

मनी: अगं मी स्वतः काढलाय प्लॅन. रोज आठ तास दुसऱ्यांच्या घरांचे काढते.

आई: म्हणून तर. दुसऱ्यांचं चालतं गं.

मनी: आत्या, ऐकलंस? मला ह्या बाईच्या पोटी जन्म घ्यायला कुणी सांगितलं होतं?

आत्या: मी होते तिथं ड्यूटीवर. तू विचारायला थांबली नाहीस. रडतच आलीस.

मनी: बरं, ही माझी खोली. सिंगल पलंग इथं, कपाट त्या भिंतीला. बरोबर बसलं. आई, चार विटा आण, कोपऱ्यांवर ठेवू. आणि पलीकडच्या टोकाला तुझी नि बाबांची खोली. मधे ही तीन फुटांची पट्टी, तुझं शिलाई मशीन आणि अडगळ.

आई: मशीनला तीन फूट पुरतात. तुझ्याशी दोन महिने भांडून मिळवलीय ती पट्टी. तुझ्या बाबांचं काय, त्यांची आरामखुर्ची हॉलमध्ये बसली म्हणजे झालं. म्हणालेत, खुर्ची बसेल का तेवढं बघा, बाकी घर तुमचं.

आत्या: दादा लहानपणापासून असाच. ताट वाढलं की विचारायचा, चमचा कुठाय.

आई: बघा, तुम्हाला सोडून ह्या घरात त्यांच्या लहानपणाचं कोण सांगणार? वन्सं, हॉस्टेलात असं काय आहे जे आम्ही देत नाही?

आत्या: कडी.

आई: काय?

आत्या: दाराला आतून कडी. खोली नंबर सात. गेल्या आठवड्यात बघून आले. एक खाट, एक कपाट, पूर्वेला खिडकी. आणि दाराला आतून कडी. मी तीनदा लावून बघितली. वॉर्डनबाई बाहेरून विचारते, सिस्टर, अडकली का? म्हटलं नाही, मीच अडकवलीय.

मनी: आत्या, माझ्या खोलीत राहा ना. मी लावते कडी. पितळेची लावते.

आत्या: आणि तू कुठं जाशील? मी पाचला उठणार, तू तेव्हा अर्ध्या झोपेत. तुला मैत्रिणीशी बोलायचं असलं की माझ्याकडं बघत बसशील, कधी उठते म्हणून. दोघींत एक कडी म्हणजे कडी नव्हे ती.

आई: मग हॉलमध्ये छानसा दिवाण करू. ऐसपैस.

आत्या: एकतीस वर्षं पॅसेजमध्ये काढली, आता हॉलमध्ये बढती. वहिनी, माझा राग नाही कुणावर. पण पोरीनं दोन महिने प्लॅन फिरवला, उलटा केला, सुलटा केला. तिसरी खोली बसत नाही. नाही बसत तर नाही बसत. खाटा भरल्या की आम्ही पेशंटला दुसऱ्या वॉर्डात पाठवतो, त्यात कुणी रडत नाही.

मनी: मी रडले होते. खरं सांगते. बाथरूम बाहेर काढून बघितलं, स्वयंपाकघर अरुंद करून बघितलं. बाहेरच्या भिंती मंजूर झाल्यात, त्या हलत नाहीत. आत कितीही सरकवलं तरी सात फूट रुंदीची खोली काही निघेना. आणि त्याहून लहान तुला द्यायची मला लाज वाटत होती.

आत्या: माहीत आहे गं. तुझे डोळे सुजले की मला कळतं, धंदाच आहे माझा.

आई: जाऊ दे. आधी चहा घेऊ. मनीच्या पलंगावर बसू या, कागद उडतायत तर चादरच घालते वर. धर गं ते टोक.

मनी: ओढू नकोस, पलंग फाटेल.

आई: ओढत नाहीये. इकडं कमी पडतेय, तुझ्याकडून सोड जरा.

मनी: माझ्याकडं कुठंय? तूच सगळी घेतलीस.

आत्या: तिरकी घालताय.

आई: सरळच आहे.

आत्या: अगं तिरकी आहे, मला रस्त्यावरून दिसतंय. मधली घडी पलंगाच्या मध्यावर यायला हवी. थांबा. हात लावू नका कुणी. आले मी.

मनी: दारातून, आत्या.

आत्या: दारातूनच येतेय. हे हॉलचं दार, हे तुझ्या खोलीचं. चपला काढायच्या का?

आई: राहू द्या, फरशी बसायचीय अजून.

आत्या: सरका दोघी. कोपरा इथं धरायचा, असा. घडी मध्यावर. मग दोन्ही अंगांनी सारखी सोडायची. आता बघा. सारखी झाली की नाही?

मनी: झाली. सिस्टरला मानलं. आता बसू?

आत्या: थांब. ही मनीचीच चादर ना? निळ्या काठाची?

आई: तीच. धुवून आणलीय. का?

आत्या: ही घरी दोन्ही अंगांना वीतभर लोंबते. इथं चार बोटंच उरतायत.

आई: धुतल्यावर आटली असेल.

आत्या: सहा वर्षं धुतेय ती चादर मी, आटायची ती पहिल्या वर्षीच आटली. मी रोज सकाळी हिचा पलंग आवरते, ही तशीच टाकून ऑफिसला पळते. ह्या हातांना माहीत आहे. तो पलंग वॉर्डातल्या खाटेएवढा आहे, तीन फूट. हा कागद मोठा आहे.

मनी: थांब, टेप लावते. चार फूट. आई, हा चार फूट रुंद आहे.

आई: मग? तुला आकडा चारच दिला होता. बेतलाय त्याच मापानं.

मनी: पण पलंग तीन फुटांचा आहे.

आई: तीनचाच आहे. मी कुठं नाही म्हटलं?

मनी: मग चार कुठून आले?

आई: अगं, मोकळीक नको का धरायला? माप घेतलं की चार बोटं मोकळीक आणि चार बोटं दाब. दोन्ही अंगांनी. शाळा सुरू होताना शिवलेला शर्ट पोराला वर्षभर पुरायला नको? पोर वाढलं की दाब उसवायचा आणि मोठा करायचा.

मनी: आई, हा पलंग आता कितवीत आहे?

आई: हसू नकोस. हाताची सवय आहे ती. आकडा लिहिताना आपोआप धरला जातो.

मनी: कपाटाला पण धरलीस?

आई: सगळ्यालाच धरली. एकाला धरून दुसऱ्याला नाही, असं कसं करणार?

मनी: कपाट काय जेवल्यावर फुगतं का? आणि ते भिंतीला टेकून उभं राहतं, त्याला पाठीमागून मोकळीक?

आई: पाठीलाच तर लागते. शर्ट फाटतो तो पाठीतच.

आत्या: वहिनी, मला हसवू नकोस, कंबर धरलीय माझी. डबल पलंग पण?

आई: डबल पलंग पण. तुमच्या दादाला कुशीवर वळायला नको?

मनी: आणि मी येडी. ऑफिसात लोकांच्या घरांची मापं तीनदा तपासते. म्हटलं, आईचं माप. गावभर हिच्या मापाचे कपडे घालून हिंडतायत, हिचं काय तपासायचं? म्हटलं जुना लाकडी पलंग आहे, असेल मोठा.

आई: आता बिघडलं काय पण? मोठी खोली कुणाला नको असते?

मनी: बिघडलं नाही. थांब. बोलू नकोस. माझ्या खोलीत पलंगाचा एक फूट जास्त, कपाटाचा एक फूट जास्त. दोन फूट. तुमच्या खोलीत तसेच दोन. चार झाले. चालायची जागा मी वेगळी सोडलेलीच आहे, तिला हातसुद्धा लागत नाही. माझी भिंत दोन फूट इकडं घेतली, तुमची दोन फूट तिकडं...

आत्या: मधे तीन फुटांची पट्टी आहेच.

मनी: सात.

आई: सात फूट?

मनी: सात बाय दहा. खोली. खरी खोली, आत्या. मागच्या भिंतीला खिडकी मिळते, हॉलकडून दार.

आत्या: आणि वहिनीचं मशीन?

आई: मशीन हॉलमध्ये. पुढच्या खिडकीशी.

आत्या: नको. दोन महिने भांडून मिळवलंस म्हणालीस आत्ताच. माझ्यासाठी तुझं मशीन उठवायचं नाही. मला नको असली खोली.

आई: भांडले कारण मला दुसरीकडं कुठं जागाच दाखवत नव्हती ही. त्या मागच्या भिंतीशी मला सुईत दोरा दिसला असता का? पुढं उजेड आहे. रस्ता दिसतो. गिऱ्हाईक उधारी मागायला आलं तर दारातूनच परत लावता येईल. अडगळ माळ्यावर जाईल, आणि निम्मी टाकूनच देण्याच्या लायकीची आहे.

आत्या: वहिनी, मी शब्द दिलाय तिकडं. वॉर्डनबाईला सांगितलंय सोमवारी येते.

आई: शब्द मलाही दिला होता तुम्ही.

आत्या: कधी?

आई: माझं लग्न झालं तेव्हा. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत सगळा संसार, दुसरी तुमची. मी उंबऱ्यात उभी, आणि तुम्ही आपली गादी उचललीत आणि पॅसेजमध्ये नेऊन टाकलीत. म्हणालात, दोन महिन्यांचा प्रश्न आहे वहिनी, मग दादा मोठं घर बघेल, तेव्हा मी माझी खोली घेईन. असं म्हणाला होतात. मी पहिलं काय शिवलं त्या घरात, आठवतं?

आत्या: पडदा.

आई: तुमचा पडदा. रात्रपाळी करून यायचात आणि दिवसा त्या पडद्याआड झोपायचात. आणि आम्ही पडदा सारून विचारायचो, चहा घेणार का, किल्ली कुठं ठेवलीय, मनीला ताप आलाय बघता का. एक दिवसही कुणी बाहेरून विचारलं नाही, येऊ का म्हणून. पडद्यावर टकटक होत नाही ना. मला लाज वाटते, वन्सं. पडदा धुवायला काढला की दर वेळी वाटते. आज माझ्या हातानं एवढी मोठी चूक केली आणि त्यातून तुमची खोली निघाली, ती तुम्ही नको म्हणताय.

आत्या: पडदा चांगला होता. शिवण अजून कुठं उसवली नाही.

आई: विषय बदलू नका.

आत्या: मी रागानं नव्हते जात गं. खरंच नाही. एवढी वर्षं निभावली ती तुमच्यात राहिले म्हणूनच. मला फक्त एकदा दार लावून बघायचं होतं. आपल्या हातानं लावलेलं. बाकी त्या नंबर सातमध्ये काय आहे? नळाला वास येतो.

मनी: मग कडी कुठली हवी सांग. उभी की आडवी?

आत्या: खिडकी कुठल्या दिशेला म्हणालीस?

मनी: पश्चिमेला.

आत्या: नंबर सातला पूर्वेला होती.

आई: मग जा नंबर सातला. नळाचा वास घ्या.

आत्या: पश्चिमेला चालेल. आता कुठं मला पाचला उठून ड्यूटी गाठायचीय.

मनी: मिस्त्रीला आज संध्याकाळपर्यंत नवा कागद द्यायला हवा. आतल्या भिंती आहेत, त्या माझ्या हातात आहेत. पण प्लॅनची कॉपी आईनं चहाच्या गळक्या थर्मासखाली ठेवली, तिचा पार लगदा झालाय. वर्तमानपत्रावर पेन्सिल दिसत नाही. कुणाकडं कोरा कागद आहे का?

आई: माझ्याकडं मापाची वही आहे, पण ती भरलीय. शेवटच्या पानावर एका पैलवानाचं माप आहे.

आत्या: हा घे.

मनी: आत्या, हा फॉर्म आहे.

आत्या: मागची बाजू कोरी आहे. फोटो तेवढा सोडवून दे मला, बरा आलाय. काढ आता. आणि माप मी सांगेन. हिला बोलू देऊ नकोस, नाहीतर खोलीला पाठीतून मोकळीक सोडेल.

(मनी फॉर्मच्या पाठीवर खोली काढते. मग चपलेनं चुन्याच्या जुन्या रेघा पुसते, चुन्याचा डबा तिरका करून नव्या ओढते. आत्या टेपचं टोक धरते, आई चार विटा उचलून नव्या कोपऱ्यांवर ठेवते.)

मनी: झालं. सात बाय दहा. हे दार, ह्या दोन विटांच्या मधे. आत्या, जा, खाट कुठं बसते बघ.

आत्या: खाट त्या कोपऱ्यात. ट्रंक पायथ्याशी. खिडकीखाली टेबल, वर काही ठेवायचं नाही. तसंच रिकामं टेबल हवंय मला. आणि दार... दार आत उघडतं की बाहेर?

मनी: आत.

आत्या: मग मी लावते. हे लावलं. ही कडी घातली. आता दहा मिनिटं मला कुणी हाक मारायची नाही.

मनी: आई, बघ ना, खरंच डोळे मिटून उभी राहिलीय. रस्त्यावरून जाणारा तो सायकलवाला थांबून बघतोय.

आई: बघू दे. हळू बोल, त्यांचं दार लागलंय.

मनी: दार कुठंय गं, दोन विटा आहेत.

आई: मघाशी मला भिंतीतून आलीस म्हणून परत कुणी पाठवलं?

मनी: बरं. पण चहा निवतोय. मी देऊन येते.

आई: थांब, तू नको. मी जाते. पेला इकडं दे. आणि सरक, मला दारातून जायचंय.

मनी: आई, हॉलमधून जा, वळसा घालून.

आई: माहीत आहे मला, घर माझं आहे. वन्सं, चहा आणलाय. येऊ का आत?

आत्या: ये, वहिनी. कडी केव्हाच काढलीय.